एका संध्याकाळी तीन बेटं : सेंट लुशिया, डॉमिनिका, ग्रेनेडा

लांबउडी
४ ऑगस्ट २०२४, ०१:४०

घरात सगळे झोपलेत, ओरडता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

दुपारी नेमबाजीत मनू भाकर चौथी आली तेव्हाच ठरवलं होतं, आज आता ऑलिंपिक बंद. पण महिलांची शंभर मीटर म्हटल्यावर राहवलं नाही. साडेबाराला हळूच टीव्ही लावला, आवाज बंद करून. पॅरिसमध्ये पाऊस. स्टाद द फ्रान्सची ती जांभळी धावपट्टी ओली चकचकीत. सगळ्यांचं लक्ष अमेरिकेच्या शकॅरी रिचर्डसनकडे. बार झाला आणि एक मुलगी जी सुटली ती सुटलीच. १०.७२. रिचर्डसन दुसरी, १०.८७. पंधरा शतांश म्हणजे त्या वेगाला दीडेक मीटर. फोटो वगैरे बघायची भानगडच नाही. रेषा ओलांडल्यावर तिने छातीवरचा नावाचा कागद ओढून काढला आणि ओरडत सुटली.

ज्युलियन आल्फ्रेड, वय २३, देश सेंट लुशिया. या देशाला ऑलिंपिकमध्ये याआधी कुठल्याही रंगाचं एकही पदक नव्हतं.

आता गंमत बघा. त्याच्या थोडंच आधी, त्याच मैदानात, महिलांच्या तिहेरी उडीत थिया लाफाँडने १५.०२ मीटर मारून सोनं घेतलं. ती डॉमिनिकाची. त्यांचंही पहिलंवहिलं पदक. आणि त्याच संध्याकाळी डेकॅथलॉन (दहा प्रकारांची एकत्र स्पर्धा) संपलं, त्यात लिंडन व्हिक्टरला कांस्य. तो ग्रेनेडाचा. तिन्ही बेटं कॅरिबियनच्या एकाच माळेतली, विंडवर्ड बेटं म्हणतात ती.

ही नावं आपल्याला कुठून माहीत? क्रिकेटमधून. सहा आठवड्यांपूर्वी, २४ जूनला, आपल्या रोहितने स्टार्कला धुतलं आणि ४१ चेंडूंत ९२ केले, ते ग्रोस इलेला. म्हणजे सेंट लुशियातच. गेल्या वर्षी यशस्वी जयस्वालने पदार्पणात १७१ काढले ते रोसोला, म्हणजे डॉमिनिकात. दोन्ही वेळा मी रात्रभर बघत होतो, आणि मागच्या हिरव्या डोंगरांत माणसं राहतात, ती पळतात, उड्या मारतात, हे डोक्यातही आलं नाही.

सेंट लुशियाचं क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर. आपली बृहन्मुंबई जवळपास तेवढीच. लोकसंख्या मात्र एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. डॉमिनिका तर सत्तर हजारांचा देश, म्हणजे आपलं रत्नागिरी शहर (२०११ ची जनगणना, ७६ हजार) त्याहून मोठं.

एक विनंती. हा धागा ‘एकशे चाळीस कोटींना का जमत नाही’ या गल्लीत नेऊ नका. त्यासाठी इथे दर चार वर्षांनी स्वतंत्र धागा निघतो.


कंटाळेश्वर
४ ऑगस्ट २०२४, ०७:०५

एकशे चाळीस कोटींना का जमत नाही?

(सॉरी, राहवलं नाही. मी पयला.)


दर्यासारंग
४ ऑगस्ट २०२४, ०८:२०

लेख झकास. दोन गोष्टी जोडतो.

एक, सेंट लुशियावर इंग्रज आणि फ्रेंच यांची एवढी मारामारी झाली की बेट चौदा वेळा इकडून तिकडे गेलं. सात वेळा याच्याकडे, सात वेळा त्याच्याकडे. आजही कामकाज इंग्रजीत आणि घरात बोली फ्रेंच वळणाची, क्वेयोल. अशा देशाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये वाजणार, तेही पॅरिसमध्ये. बघायलाच हवं.

दोन, याच स्टाद द फ्रान्समध्ये २००३ ची जागतिक स्पर्धा झाली होती, तेव्हा पुरुषांची शंभर मीटर कोणी जिंकली आठवतंय? किम कॉलिन्स. देश सेंट किट्स अँड नेव्हिस, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत-बाहेर. वेळ १०.०७. म्हणजे हे मैदान छोट्या बेटांना लाभतं म्हणायचं. आमच्या आजीच्या भाषेत, जागेचा गुण.


मोजपट्टी
४ ऑगस्ट २०२४, ०९:४५

आता सगळी वर्तमानपत्रं ‘दरडोई पदकं’ काढतील. त्याआधीच सांगून ठेवतो, या आकड्यात फार दम नाही.

जिंकणारी बेटं तेवढी आपल्याला दिसतात. किम कॉलिन्स जगज्जेता झाला, पण सेंट किट्सला ऑलिंपिक पदक अजून एकही नाही. अँटिग्वाला नाही. सेंट व्हिन्सेंटला नाही. पॅसिफिकमध्ये बघा : नाउरू, तुवालू, किरिबाती, पलाऊ, वानुआतू, सॉलोमन बेटं, सगळीकडे शून्य. आपल्या शेजारचं मालदीव, लोकसंख्येने सेंट लुशियापेक्षा मोठं, शून्य. ‘लहान देशांना जमतं’ हे विधान करायचं तर हे सगळे शून्यवाले पण बेरजेत धरायला हवेत.

दुसरं, लहान देशात एक माणूस उपजला की दरडोई आकडा आभाळाला भिडतो. सेंट लुशियाला दोन नोबेल आहेत, अर्थशास्त्राचं १९७९ मध्ये आर्थर लुईस यांना आणि साहित्याचं १९९२ मध्ये डेरेक वॉलकॉट यांना. दोघांचाही जन्म २३ जानेवारीचा! यावरून ‘नोबेल हवं तर २३ जानेवारीला जन्माला या’ असा निष्कर्ष काढायचा का?


लांबउडी
४ ऑगस्ट २०२४, १०:१०

मोजपट्टी, २३ जानेवारीचं माहीत नव्हतं, भारी. पण मी दरडोई म्हणतच नाहीये. माझा प्रश्न वेगळा आहे. कॅस्ट्रीजच्या सिसेरों वस्तीतली एक मुलगी शाळेत मुलांबरोबर शर्यती लावून त्यांना हरवते, तिथपासून स्टाद द फ्रान्सपर्यंत ती पोचली कशी? मधे काय काय होतं आणि काय नव्हतं?

काय नव्हतं ते आधी सांगतो. शर्यतीनंतर ती स्वतःच बोलली : लहानपणी बूट नव्हते, अनवाणी पळायचे, शाळेच्या गणवेशात पळायचे, धड सोयी नाहीत, आता तरी नवीन स्टेडियम होऊ दे. हे ऐकून मी शोधाशोध केली. देशाला राष्ट्रीय स्टेडियम आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला व्यू फोर गावात, जॉर्ज ओडलम यांच्या नावाचं. पण २००९ मध्ये तिथलं सेंट ज्यूड हॉस्पिटल जळालं आणि अख्खं हॉस्पिटल उचलून स्टेडियममध्ये हलवलं. तात्पुरतं म्हणून. पंधरा वर्षं झाली. प्रेक्षकांच्या गॅलरीखाली वॉर्ड आहेत.

यात मला राग कुणाचा येत नाही, हेच विचित्र आहे. एक लाख ऐंशी हजार माणसांच्या देशात एक हॉस्पिटल जळालं तर रोगी ठेवायचे कुठे? सगळ्यात मोठी छपराची जागा तीच.


वेताळटेकडी
४ ऑगस्ट २०२४, १०:३२

‘तात्पुरतं’ हा शब्द जगात सगळीकडे एकच अर्थाने वापरतात हे वाचून बरं वाटलं.

आणि क्रिकेटचं मैदान मात्र चकाचक. डॅरेन सामीचं नाव आहे त्याला. आहेच म्हणा तो त्या लायकीचा, दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून दिलेत.


ऑस्टिनवासी
४ ऑगस्ट २०२४, ११:५५

इथे मध्यरात्र उलटलीये, पण आमच्या गावची पोरगी जिंकलीये, झोपतंय कोण!

हो, ‘आमच्या गावची’. सेंट लुशियावाल्यांनी माफ करावं. ज्युलियन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची, इथेच ऑस्टिनला शिकली, अजून इथेच सराव करते. २०२३ मध्ये कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत शंभर आणि दोनशे दोन्ही मारले होते. तिचे कोच एड्रिक फ्लोरेआल. ते जन्माने हैतीचे, पुढे कॅनडाकडून दोन ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडी मारलेले. म्हणजे बेटावरून निघालेलाच माणूस.

आता लांबउडीच्या प्रश्नाला उत्तर. ती चौदा वर्षांची असताना एकटी जमैकाला गेली, सेंट कॅथरीन हायस्कूलमध्ये. घरचं कुणी बरोबर नाही. जमैकात शाळांची अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून चालू आहे आणि ती बघायला स्टेडियम भरतं, आपल्याकडे आयपीएलला भरतं तसं. तिथून २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्य, मग टेक्सासची शिष्यवृत्ती.

बाकीचे पण बघा. थिया लाफाँड लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आली, मेरीलँड विद्यापीठाची. पुढे शाळेत शिकवायची. तिचा कोच तिचा नवराच. लिंडन व्हिक्टर टेक्सासच्याच दुसऱ्या विद्यापीठाचा. ग्रेनेडाचा किरानी जेम्स अलाबामाचा. तुमच्या नीरजचा प्रतिस्पर्धी अँडरसन पीटर्स मिसिसिपीचा.

एकाही बेटाकडे असलं काही नाही. खाणं, जिम, फिजिओ, प्रवास, फी, सगळं अमेरिकन कॉलेज देतं. बेट देतं ती मुलगी.


कंटाळेश्वर
४ ऑगस्ट २०२४, १२:१५

मग हे पदक सेंट लुशियाचं कसं? टेक्सासचं म्हणा. झेंडा तेवढा भाड्याने.


दर्यासारंग
४ ऑगस्ट २०२४, १२:४०

कंटाळेश्वर, भाड्याचा झेंडा म्हणजे पैसे घेऊन ज्यांनी देश बदलला ते. ही उलट आहे. जमैका किंवा अमेरिकेकडून पळायची खटपट तिने केलीच नाही. जमैकाकडून पळाली असती तर शाळेतल्या मैत्रिणींच्याच रांगेत उभी राहिली असती, रिलेचं पदक वेगळं.

किरानीचंही तेच. ग्रेनेडातलं गुयाव्ह म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, दर शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर मासे भाजतात, त्याला फिश फ्रायडेच म्हणतात. तिथला हा. लंडनला २०१२ मध्ये चारशे मीटरला सुवर्ण, ४३.९४. मग रिओत रौप्य, टोकियोत कांस्य. तिन्ही रंग. त्या सुवर्णानंतर पंतप्रधानांनी देशाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. टेक्सासने किंवा अलाबामाने सुट्टी दिल्याचं ऐकलंय का कधी?


शिट्टीमास्तर
४ ऑगस्ट २०२४, १६:३०

मी शाळेत पीटीचा मास्तर. सांगली जिल्हा, अठ्ठावीस वर्षं झाली. रविवार, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सगळे कॉलेज आणि शिष्यवृत्तीबद्दल बोलताय ते बरोबरच आहे. पण माझं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीवर अडकलं. आल्फ्रेडचे वडील २०१३ मध्ये गेले, ती बारा वर्षांची होती. आणि तिने पळणं सोडून दिलं. सोडलंच. तिचे तिथले कोच कथबर्ट मोडेस्ट, त्यांनी तिला समजावून परत मैदानावर आणलं. बस, एवढी एक ओळ बातमीत असते, आणि पुढची ओळ जमैकाची.

मला विचाराल तर अख्खी गोष्ट त्या ओळीत आहे.

आमच्याकडे सातवीत एक मुलगी होती. नाव नको. अनवाणी पळायची, गणवेशाचा फ्रॉक खोचून. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली. मैदान म्हणजे शाळेमागचं शेत, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ढेकळं. दिवाळीच्या सुट्टीत तिचे वडील गेले. सुट्टीनंतर ती आली नाही, मामाकडे गेली म्हणाले. मी दोनदा वर्गातल्या पोरींबरोबर निरोप पाठवला. घरी गेलो नाही. मामाचं गाव अकरा किलोमीटर होतं, माझ्याकडे मोटरसायकल होती.

असो.

दुसरं एक सांगतो, ते बेटाचं. लहान बेटावर लपायला जागा नाही. एखादी पोरगी शाळेच्या स्पर्धेत मुलांना मागे टाकते हे शनिवारी घडलं तर सोमवारपर्यंत देशातल्या प्रत्येक कोचला कळत असणार. कोच असतीलच किती! माझ्या तालुक्यात पोरगी पळते ते मला ठाऊक, शेजारच्या तालुक्यात पळते ते मला जिल्हा स्पर्धेच्या दिवशी कळतं, आणि नववीत ती गायब झाली तर कुणालाच कळत नाही.


मोजपट्टी
४ ऑगस्ट २०२४, १७:१०

मास्तर, हा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता. मान्य. शोध घ्यायची जागा लहान असली की निसटणं कमी.

याला जोडून : कॅरिफ्टा गेम्स. १९७२ पासून दर ईस्टरला कॅरिबियन बेटांची वीस वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा भरते. नाव मूळचं व्यापारी कराराचं, कॅरिबियन फ्री ट्रेड असोसिएशन. करार कधीच विसर्जित झाला, स्पर्धा राहिली. बोल्टपासून सगळे तिथूनच वर आलेत, आणि अमेरिकन कॉलेजांचे कोच तिथे डोळे लावून बसलेले असतात. म्हणजे गावची शर्यत, मग कॅरिफ्टा, मग अमेरिका. तीन पायऱ्या. मधली पायरी बेटांनी स्वतः बांधलीये, त्यात कॉलेजचा संबंध नाही.


वेताळटेकडी
४ ऑगस्ट २०२४, १८:०२

मास्तरांचा प्रतिसाद वाचून काही सुचलं नाही. दंडवत.


राधानगरीकर
४ ऑगस्ट २०२४, २१:१५

आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने परवाच नेमबाजीत कांस्य आणलं, त्यामुळे आम्ही अजून जमिनीवर नाही. तरी वाचतोय.

‘बेट’ ही गोष्ट आमच्याकडेही आहे हो, फक्त भोवती पाणी नाही. १९५२ ला पैलवान खाशाबा जाधव ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. तिथले मोडेस्ट, इथले खर्डेकर. आणि मग थेट बहात्तर वर्षांनी स्वप्नील. मधल्या काळात किती घरं गहाण पडली नसतील, कोण जाणे.


ऑस्टिनवासी
७ ऑगस्ट २०२४, ०६:५०

दोनशेला रौप्य! २२.०८. गॅबी थॉमस २१.८३ ने पुढे. ती पण ऑस्टिनलाच राहते आणि इथेच सराव करते, त्यामुळे आज माझी पंचाईत झाली होती.

सेंट लुशियाची एकूण पदकं दोन. दोन्ही एकीचीच.


कंटाळेश्वर
७ ऑगस्ट २०२४, १३:३०

अभिनंदन. आज विनेश फोगाट अपात्र ठरल्याची बातमी आल्यापासून कशातच लक्ष नाही. नंतर वाचतो.


लांबउडी
९ ऑगस्ट २०२४, ००:५५

भालाफेक संपली. नदीम ९२.९७, आपला नीरज ८९.४५. आणि तिसरा कोण? अँडरसन पीटर्स, ८८.५४. ग्रेनेडाचं दुसरं कांस्य.

हा पीटर्स म्हणजे दोनदा जगज्जेता. २०२२ मध्ये युजीनला नीरजला रौप्यावर थांबवलं ते यानेच, ९०.५४ फेकून. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, ‘हा कोण कुठला पीटर्स’. कोण कुठला ते आज सांगितलं. ग्रुपवर शांतता आहे.


गोडबोली
१० ऑगस्ट २०२४, ०८:१५

पहिलाच प्रतिसाद देतेय, सांभाळून घ्या. डॉमिनिकाला काल रात्री आणखी एक सुवर्ण मिळालं ना? चारशे मीटर, पॉलिनो, ४८.१७. सत्तर हजारांत दोन सुवर्णं म्हणजे कमालच झाली!


दर्यासारंग
१० ऑगस्ट २०२४, ०८:४०

गोडबोली, स्वागत. पण ते डॉमिनिकन रिपब्लिक. वेगळा देश. सांतो डोमिंगो राजधानी, स्पॅनिश बोलतात, लोकसंख्या एक कोटीच्या वर. ही आपली डॉमिनिका म्हणजे रोसोवाली, इंग्रजी आणि क्वेयोलवाली. नामसाधर्म्याने या बिचाऱ्यांचा जन्म गेला. टपाल तिकडे जातं, माणसं तिकडे उतरतात.

उच्चारही वेगळा आहे, ‘डॉमिनीका’, जोर ‘नी’वर.


कंटाळेश्वर
१० ऑगस्ट २०२४, ०९:०५

मला डॉमिनिका २०२१ पासून पाठ आहे. बँक घोटाळ्यातला फरार मेहुल चोक्सी तिथे सापडला तेव्हा आपल्या वाहिन्यांनी महिनाभर नकाशा दाखवला होता. नकाशा एकदाच चुकला, तेव्हा डॉमिनिकन रिपब्लिक दाखवलेलं माझ्या लक्षात आहे.

असो, थिया लाफाँडबद्दल कुणी जास्त लिहा ना. सगळे आल्फ्रेडवरच लिहिताय.


लांबउडी
१० ऑगस्ट २०२४, १०:२०

अरे वा, कंटाळेश्वर स्वतःहून विचारतायत! लिहितो. माझं टोपणनाव बघता उडीवर आधीच लिहायला हवं होतं.

थियाचं वय तीस. रिओत २०१६ मध्ये पात्रता फेरीतच बाहेर. टोकियोत अंतिम फेरी गाठली, तिथे बारावी. मग २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. (त्याच बर्मिंगहॅमला ज्युलियनलाही शंभरमध्ये रौप्य, आणि आपल्या बीडच्या अविनाश साबळेला स्टीपलचेसमध्ये ८:११.२० ने रौप्य. तिघांची त्या आठवड्यात कँटीनमध्ये गाठ पडली असेल का, असं उगीच वाटून जातं.) मग या मार्चमध्ये ग्लासगोला इनडोअर जागतिक स्पर्धेत १५.०१ ने सोनं. त्याच स्पर्धेत ज्युलियनला ६० मीटरचं सोनं, ६.९८. म्हणजे पॅरिसचं चित्र ग्लासगोला पाच महिने आधीच रंगवून झालं होतं, आम्हीच बघत नव्हतो.

तिहेरी उडी हा हिशोबी प्रकार आहे. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरून पाऊल, मग दुसऱ्या पायावरून वाळूत झेप. पहिली उडी फार उंच घेतली तर दुसऱ्या टप्प्यात गुडघा बसतो आणि तिसरीला काही उरत नाही. पंधरा मीटर म्हणजे तिन्ही टप्प्यांत कंजुषी न करता आणि उधळपट्टी न करता. ही बाई दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी सराव करत होती कितीतरी वर्षं. बारावीवरून पहिली. त्यात चमत्कार काही नाही, सेंटिमीटर सेंटिमीटर आहे सगळं.

आणि २०१७ च्या मारिया वादळात डॉमिनिकाची बहुतेक घरं छपराविना राहिली होती, हे ध्यानात घेऊन तो पदकसमारंभ परत बघा.


मोजपट्टी
१२ ऑगस्ट २०२४, ११:००

ऑलिंपिक संपलं. म्हटल्याप्रमाणे दरडोई यादी आली : ग्रेनेडा पहिला, डॉमिनिका दुसरी, सेंट लुशिया तिसरा. माझा आक्षेप कायम. पण यादी तीनदा वाचली हेही खरं.

पदकतालिकेत सेंट लुशिया आपल्या वर आहे, कारण सोनं आधी मोजतात. आपली सहा पदकं, त्यात सोनं नाही.


कंटाळेश्वर
१२ ऑगस्ट २०२४, ११:०४

धागाकर्त्याने मला जे लिहू दिलं नाही ते मोजपट्टीने लिहिलं. नोंद घ्यावी.


ऑस्टिनवासी
२९ सप्टेंबर २०२४, ०९:३०

धागा वर काढतोय. ज्युलियन घरी पोचली. अख्ख्या बेटाभर मिरवणूक, रस्त्याच्या दुतर्फा शाळेची पोरं झेंडे घेऊन. सरकारने बक्षिसं, जमीन वगैरे जाहीर केलंय. व्हिडिओत एक म्हातारी दिसते, ती गाडीबरोबर चालत राहते, थांबतच नाही. मला तीच लक्षात राहिली.


लांबउडी
१५ सप्टेंबर २०२५, ०७:४०

वर्षभराने परत. टोकियोच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरला ज्युलियनला कांस्य, १०.८४. अमेरिकेच्या मेलिसा जेफरसन-वूडनने १०.६१ पळून सगळ्यांना गप्प केलं. पॅरिसला हीच तिसरी होती.

शिट्टीमास्तर, आहात का? तुमचा तो प्रतिसाद मी मधूनमधून उघडून वाचतो.


शिट्टीमास्तर
१५ सप्टेंबर २०२५, २०:१५

आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.

बरं झालं विचारलंत. ती मुलगी मे महिन्यात भेटली, लग्नात, दोन पोरं बरोबर. मीच ओळख दिली. मोबाईलवर पॅरिसची शर्यत होती साठवलेली, ती दाखवली. मांडवात आवाज येत नव्हता, नुसतं चित्र. तिने दोनदा बघितली. मग विचारलं, सर, एवढ्या पावसात ही घसरली कशी नाही? मी म्हटलं, बुटाला खिळे असतात. तर म्हणाली, आपण तर चिखलातच पळायचो की.


मोजपट्टी
१५ सप्टेंबर २०२५, २०:४०

मास्तर, तिची शंभरची वेळ काय होती, आठवते?


शिट्टीमास्तर
१५ सप्टेंबर २०२५, २०:५२

हातातल्या घड्याळावर घेतलेली आहे, तुम्ही धरणार नाही. १३.१.


मोजपट्टी
१५ सप्टेंबर २०२५, २०:५५

धरतो.